खडी ओली करून मोजावी

स्विचयार्डात पसरलेली खडी हे सुरक्षेचे साधन आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते न तपासता विकत घेतले जाते. हे पुस्तक लिहिण्याचे कारण एवढेच. ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून निघण्याआधी तपासला जातो, साइटवर आल्यावर पुन्हा तपासला जातो. ब्रेकर, सीटी, पीटी, रिले, सगळ्यांचे रिपोर्ट फायलीला लागतात. अर्थ मॅटचा रोध मोजून त्यावर सह्या होतात. खडीचे मात्र ब्रास मोजले जातात. किती ब्रास आली, थर किती मिलिमीटर पसरला, बिल किती झाले, एवढे पाहिले की खडीचा विषय संपतो. ती ओली झाल्यावर विजेला किती अडवते, हा प्रश्न पुष्कळदा कोणी विचारतच नाही, कारण त्याचे उत्तर डिझाइनच्या कागदावर आधीच छापलेले असते: ३००० ओम-मीटर.

हा आकडा कुठून आला आणि आपल्या खडीला तो लागू आहे का, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर पाहायचे आहे. त्याआधी खडीवर एवढे काय अवलंबून आहे ते स्पष्ट करतो.

उपकेंद्रात फॉल्ट झाला, समजा जंपर तुटून स्ट्रक्चरवर पडला, की हजारो अँपिअरचा प्रवाह अर्थ मॅटमधून जमिनीत शिरतो. मॅट कितीही चांगली असली तरी तिचा रोध शून्य नसतो. दहा हजार अँपिअर प्रवाह अर्ध्या ओमच्या मॅटमधून गेला तर तेवढ्या क्षणापुरते सगळे आवार दूरच्या जमिनीच्या तुलनेत ५००० व्होल्टवर चढते. आवारातला माणूसही आवाराबरोबर चढतो, त्यामुळे नुसत्या या व्होल्टेजने त्याला काही होत नाही. धोका असतो तो आवारातल्या आवारात पडणाऱ्या फरकाचा. मॅटच्या पट्ट्यांच्या थेट वर जमिनीचे व्होल्टेज एक असते आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या चौकोनात वेगळे. ऑपरेटरचा हात आयसोलेटरच्या हँडलवर आणि पाय त्या चौकोनात असतील, तर हात आणि पाय यांच्यामधला फरक त्याच्या छातीतून जातो. याला टच व्होल्टेज म्हणतात. चालताना दोन पायांमध्ये पडतो तो स्टेप व्होल्टेज. त्यात प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, हृदय त्याच्या थेट वाटेवर नसते, म्हणून माणूस तुलनेने जास्त सहन करतो.

शरीर किती सहन करते, याचा हिशेब अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या चार्ल्स डाल्झिएल यांच्या कामावर उभा आहे. प्रवाह जितका मोठा तितका तो सोसण्याचा काळ लहान, आणि हा संबंध काळाच्या वर्गमुळाने बदलतो. पन्नास किलो वजनाच्या माणसासाठी सूत्रात ०.११६ हा स्थिरांक येतो, सत्तर किलोसाठी ०.१५७. आपल्याकडच्या कामगारांची अंगकाठी पाहता मी पन्नास किलोचेच सूत्र वापरावे या मताचा आहे, आणि पुस्तकातली सगळी उदाहरणे त्यावरच केली आहेत. शरीराचा रोध १००० ओम धरतात. बूट किंवा हातमोजे हिशेबात धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कंत्राटदाराचा गवत काढणारा मजूर चपलेत असतो, कधी अनवाणीही. पावसात बूट आतून भिजतात. सूत्र त्याच माणसासाठी लिहिलेले असावे.

आता खडी. पाऊल म्हणजे ८ सेंटिमीटर त्रिज्येची धातूची चकती मानली, तर एका पावलाचा जमिनीशी रोध हा पृष्ठभागाच्या रोधकतेच्या साधारण तिप्पट येतो. साइटवर आपण रेझिस्टिव्हिटी म्हणतो तीच ही रोधकता. टच व्होल्टेजच्या वेळी दोन्ही पाय समांतर असतात म्हणून दीडपट, स्टेपच्या वेळी एकापुढे एक म्हणून सहापट. जमिनीची रोधकता १०० ओम-मीटर असेल, खडी अजिबात नसेल आणि फॉल्ट अर्ध्या सेकंदात तुटणार असेल, तर सहन होणारे टच व्होल्टेज येते सुमारे १८९ व्होल्ट. त्यावर १० सेंटिमीटर खडी टाकली आणि तिची रोधकता ३००० धरली की तेच होते सुमारे ६८१ व्होल्ट. सहन होणारे स्टेप व्होल्टेज २६२ वरून २२०० च्या पुढे जाते. जमिनीत एक फूटही जादा पट्टी न पुरता माणसाची सहनशक्ती साडेतीन पटींहून जास्त वाढली. याच कारणाने डिझाइन करणारे खडीवर इतके विसंबतात. मॅटच्या चौकोनांची संख्या, जी.आय. पट्टीचे टनेज, खोदाईचा खर्च, सगळे त्या ३००० च्या आधाराने कमी केलेले असते.

आणि ती खडी ओली झाल्यावर खरोखर १००० चीच निघाली तर? सहन होणारे टच व्होल्टेज सुमारे ३४१ वर येते. मॅट मात्र ६८१ चालतील असे समजून आखलेली असते.

इथे साइटवर हटकून सुचणारा उपाय म्हणजे खडीचा थर वाढवणे. पुस्तकात त्यावर एक पूर्ण तक्ता दिला आहे, कारण हा गैरसमज फार पक्का आहे. ३००० ची खडी १० ऐवजी ५ सेंटिमीटरच पसरली, तरी ५६० च्या वर व्होल्ट मिळतात. १००० ची खडी १० ऐवजी १५ सेंटिमीटर पसरली, तर ३४१ चे जेमतेम ३५९ होतात. चांगल्या खडीचा अर्धा थर खराब खडीच्या दीडपट थराला भारी पडतो. जाडी फुटपट्टीने दिसते म्हणून तिच्यावर तपासणीचा भर असतो. रोधकता दिसत नाही, म्हणून ती राहून जाते.

आता त्या ३००० कडे येतो. उपकेंद्राच्या अर्थिंगसाठी जगभर वापरले जाणारे मार्गदर्शक म्हणजे आय.ई.ई.ई. ८०. त्याची पहिली आवृत्ती १९६१ ची, नंतरच्या १९७६, १९८६, २००० आणि २०१३ च्या. त्यात पृष्ठभागाच्या सामग्रीच्या रोधकतेचा एक तक्ता आहे. तो नीट वाचला तर अंगावर काटा येतो. नॉर्थ कॅरोलायनातली कचीसकट ग्रॅनाइटची खडी कोरडी असताना १४ कोटी ओम-मीटर, आणि तीच भूजलाने ओली केल्यावर १३००. एक लाख पटीहून मोठी घसरण. जॉर्जियातली दीड इंची कचीसकट खडी ओली असताना १२००. त्याच तक्त्यात धुतलेली ग्रॅनाइटची खडी ओली असतानाही ५००० ते १०,००० च्या घरात आहे. मिशिगनचा धुतलेला चुनखडक २००० ते ३०००. म्हणजे ३००० हा आकडा खोटा नाही, तो या पसाऱ्याच्या मधला कुठेतरी आहे. काही खडी त्याच्या वर जाते, काही त्याच्या निम्म्याच्याही खाली राहते. तक्ता देणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे की दगडाची जात, आकार, कचीचे प्रमाण, ओलावा आणि हवेतली घाण यांप्रमाणे हे आकडे बदलतात, तेव्हा आपण विकत घेतो त्या खडीची चाचणी करावी. आपण तक्ता उचलला आणि त्याखालची सूचना तिथेच ठेवली.

आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्या तक्त्यात ग्रॅनाइट आहे, चुनखडक आहे, डांबर आहे, काँक्रीट आहे. बेसॉल्ट नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे आणि आपल्या जवळजवळ प्रत्येक क्रशरमधून जो निघतो, त्याचा एकही आकडा तिथे नाही. आपला काळा दगडही एकसारखा नसतो. एकाच खाणीत वर सच्छिद्र, पोकळ्यांचा दगड लागतो आणि खाली घट्ट, ठणठणीत. सच्छिद्र दगड पाणी धरून ठेवतो. कोकणातला जांभा तर त्याहून पाणी पिणारा. ग्रॅनाइटसाठी मोजलेला आकडा या सगळ्यांना सरसकट लावणे मला पटत नाही, आणि वर्षानुवर्षे तो लावला गेला आहे म्हणून तो बरोबर ठरत नाही.

ओली खडी वीज नेते ती कशी, हे समजले की चाचणी कशी करायची ते आपोआप कळते. दगड स्वतः जवळजवळ इन्सुलेटर आहे. त्याच्या पोटातून प्रवाह जात नाही. तो जातो दगडाला लागलेल्या पाण्याच्या पातळ थरातून, आणि एका दगडावरून दुसऱ्यावर जातो तो दोघे टेकतात त्या बिंदूंवर साचलेल्या पाण्यातून. चाळीस एमएमची स्वच्छ खडी असेल तर टेकण्याच्या जागा थोड्या, मधल्या पोकळ्या मोठ्या, पाणी झरकन खाली निघून जाते. तिच्यात कच मिसळली की पोकळ्या भरतात. कचीचे बारीक कण केशाकर्षणाने पाणी धरून बसतात, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओल्या चिखलाची अखंड वाट तयार होते. मग आत दगड ग्रॅनाइट आहे की बेसॉल्ट याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणूनच कच किती आणि पाणी कसले, हे दोन प्रश्न दगडाच्या जातीइतकेच मोठे आहेत. पावसाचे पाणी, बोअरचे खारट पाणी आणि समुद्रकाठच्या हवेतून खडीवर बसलेले मीठ, या तिन्हींनी एकाच खडीचे तीन वेगळे आकडे येतात.

चाचणीची मुख्य रीत पेटीची आहे. अर्ध्या मीटरची चौकोनी पेटी, अ‍ॅक्रिलिकची किंवा वीज न नेणाऱ्या दुसऱ्या कशाची, समोरासमोरच्या दोन भिंतींना धातूच्या पत्र्याचे इलेक्ट्रोड, तळाला पाणी निथळायला भोके. त्यात साइटवरची खडी, साइटवर जशी दाबली जाते तशी भरायची. रोधकता म्हणजे मोजलेला रोध गुणिले पत्र्याचे क्षेत्रफळ भागिले दोन पत्र्यांमधले अंतर. या पेटीसाठी रोधाची निम्मी संख्या हीच रोधकता. दहा हजार ओम आले तर ५००० ओम-मीटर. हिशेब चौथीतल्या मुलाला जमेल असा आहे. बाकी सगळे अवघड.

पहिली अडचण पत्र्याची. सपाट पत्र्याला टोकदार दगड चार-दोन ठिकाणीच टेकतात, त्यामुळे पत्रा आणि खडी यांच्यामधला संपर्करोध मोजमापात घुसतो आणि आकडा फुगतो. फुगलेला आकडा सगळ्यांना आवडतो, म्हणून ही चूक सहसा कोणी शोधत नाही. पेटी दगडाच्या आकाराच्या मानाने पुष्कळ मोठी असावी. शिवाय पेटीच्या आत दोन जास्तीचे इलेक्ट्रोड ठेवून त्यांच्यामधले व्होल्टेज वेगळे मोजले, की संपर्करोध हिशेबातून बाहेर काढता येतो. दुसरी अडचण डी.सी.ची. ओल्या खडीवर मेगर लावला तर इलेक्ट्रोडवर ध्रुवीभवन होते आणि काटा सरकत राहतो. ओल्या चाचणीला ए.सी. हवा. साइटवरच्या फॉल्टचा प्रवाहही ५० हर्ट्झचाच असतो. आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरमागून दिलेला ए.सी., एक व्होल्टमीटर आणि मिलिअँपिअर दाखवणारा चांगला मीटर एवढ्यात काम होते. मेगर कोरड्या खडीसाठी ठेवावा, आणि कोरड्या खडीचा आकडा कोणत्याही डिझाइनसाठी वापरू नये.

तिसरी अडचण वेळेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. खडी भिजवल्यावर लगेच मोजली तर एक आकडा येतो, पाणी निथळून दहा मिनिटे झाल्यावर दुसरा, तासाभराने तिसरा. आय.ई.ई.ई.च्या तक्त्यातही कॅलिफोर्नियाच्या एका खडीपुढे, पाणी निथळल्यावर दहा मिनिटांनी मोजले, अशी नोंद आहे. रिपोर्टात वेळ लिहिलेली नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी तुलना होत नाही. मुसळधार पावसात फॉल्ट झाला तर खडी निथळायला कोण वेळ देणार? म्हणून या पुस्तकात पाणी पडत असतानाचा, एक मिनिटाचा, दहा मिनिटांचा आणि तासाचा असे चारही आकडे घ्यायला सांगितले आहे, आणि डिझाइनला त्यातला सर्वांत लहान वापरायला.

साइटवर पसरलेल्या थराची रोधकता जमिनीसारखीच चार पिनांच्या वेनर पद्धतीने मोजल्याचे रिपोर्ट मी पाहिले आहेत. ती पद्धत जमिनीसाठी उत्तम आहे, खडीसाठी निरुपयोगी. पिनांमध्ये एक मीटर अंतर ठेवले की मोजमाप साधारण तेवढ्याच खोलीपर्यंतच्या मातीचे होते, वरचे १० सेंटिमीटर त्यात हरवून जातात. त्यातून पिना खडीतून खाली मातीत टेकल्या तर खडी मोजलीच गेली नाही. बसवलेल्या थरासाठी दुसरी वाट आहे: पावलांएवढे पत्रे खडीवर ठेवून त्यांवर वजन द्यायचे आणि पावलाचा रोध सरळ मोजायचा. युरोपीय मानक ई.एन. ५०५२२ मध्ये दोन पावलांसाठी मिळून ४०० चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि किमान ५०० न्यूटन भार सांगितला आहे. म्हणजे साधारण पन्नास किलोचा माणूस उभा असल्यासारखे. इथे मोजले जाते ते नेमके ज्याच्यासाठी खडी टाकली तेच, म्हणून मला ही चाचणी फार जवळची वाटते. एका चौरस मीटरवर हंडाभर पाणी ओतून ती कुठेही करता येते.

धुतलेल्या खडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथेच तंत्र आणि व्यवहार यांची गाठ पडते. निविदेत धुतलेली खडी लिहिलेली असते. ट्रक येतो तेव्हा फाळक्यातून धूळ उडत असते. विचारले की पुरवठादार सांगतो, "साहेब, धुऊन द्यायची तर पाणी कुठनं आणू? आमच्याकडं प्यायला टँकर येतो." दुष्काळी तालुक्यात हे उत्तर खोटे नसते, आणि त्याला नुसते कलम दाखवून भागत नाही. पण धुण्यामागचा हेतू कच काढण्याचा आहे, आणि तो चाळणीने बराचसा साधतो. क्रशरवर बारीक जाळीवरून खडी दुसऱ्यांदा कोरडी चाळून घेतली, उतरवताना ढिगाच्या तळाशी बसलेली कच बाजूला ठेवली, आणि मग पेटीत ओली चाचणी केली, तर पाणी न वापरताही आकडा खूप सुधारतो. किती सुधारतो हे प्रत्येक क्रशरला वेगळे, म्हणून चाचणी टाळता येत नाही. निविदेत "धुतलेली" लिहिण्याऐवजी ओली असतानाची किमान रोधकता आणि ती मोजण्याची रीत लिहावी. मग पुरवठादाराने खडी धुवावी, चाळावी, दुसऱ्या खाणीतून आणावी, तो त्याचा प्रश्न.

आपल्याकडे चाचणीचा हंगामही चुकतो. कामे मार्चअखेर उरकायची घाई, खडी पसरली जाते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि चाचणी झालीच तर कडक उन्हात. त्या वेळी कोणतीही खडी उत्तीर्ण होते. मग वळवाचा पहिला पाऊस येतो, उन्हाळाभर खडीवर बसलेली धूळ ओली होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत विजा कडाडतात, झाडे लाइनवर पडतात, धूळ बसलेले इन्सुलेटर फ्लॅश होतात. खडी सर्वांत वाईट आणि फॉल्ट सर्वांत जास्त, ही वेळ एकच.

पसरल्यावर खडी तशीच राहत नाही, हेही चाचणीच्या विषयातच येते. काळ्या मातीत ती पावसाळ्यात खाली रुतते आणि माती वर येते. क्रेन आणि ट्रेलर तिला चिरडतात. केबलसाठी चर खोदला की माती खडीवर टाकतात आणि भरताना दोन्ही एकत्र लोटतात. त्या पट्ट्यात खडी दिसते, पण ती खडी नसते. पालापाचोळा कुजतो, गवत मुळे धरते. खाली पीसीसीचा पातळ थर दिलेला असला तर माती वर येणे थांबते, एवढा त्याचा उपयोग आहे. मात्र ओले काँक्रीट स्वतः वीज अडवत नाही. त्याची रोधकता २१ ते १०० ओम-मीटर, म्हणजे साध्या जमिनीसारखीच. चालायला सोयीचे म्हणून यार्डात काँक्रीटच्या पायवाटा काढतात, आणि त्यांवर उभा असलेला माणूस खडीच्या संरक्षणाबाहेर असतो. या एका मुद्द्यावर मी आग्रही आहे: अशी पायवाट काढायची असेल तर त्या जागेचे टच व्होल्टेज खडी नाही असे धरून तपासावे. कुंपणाबाहेरच्या एक मीटर पट्ट्याचेही तसेच. तिथे उभा राहणारा माणूस कंपनीचा नसतो. तो शेळ्या वळणारा असतो किंवा शाळेतून घरी जाणारे पोर असते, आणि कुंपणाची जाळी धरून आत पाहायची सवय कोणाला नाही?

पुस्तकाची पहिली चार प्रकरणे डिझाइन करणाऱ्यांसाठी आहेत. पेटी बांधण्याचे प्रकरण मोजमापांसह आहे, ते कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात दाखवता येईल. देखभालीच्या कर्मचाऱ्यांनी पावलांच्या पत्र्यांचे प्रकरण आधी वाचावे आणि आपल्या यार्डात आयसोलेटरच्या हँडलजवळ, गेटजवळ आणि ताज्या चराच्या पट्ट्यात अशा निदान तीन जागी ती चाचणी करावी. यार्डात चालू लाइन असताना ती परवान्याशिवाय आणि एकट्याने करू नये. ढग भरून आले असतील तर मुळीच करू नये. नोंदीचे नमुने परिशिष्टात आहेत. त्यांत खाणीचे गाव, चाळणीचा आकार, भिजवल्यापासूनची मिनिटे आणि वापरलेल्या पाण्याची रोधकता असे रकाने आहेत. पाण्याचा रकाना रिकामा असेल तर तो रिपोर्ट स्वीकारू नये.